डावा हात

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

फोनवर मी रडते आणि तुला काही कळत नाही, त्यापेक्षा लिहून पाठव, असं तू म्हणालीस. लिहिते.

हात बिघडलेत. थंडीत दरवर्षी सुकतात तसे नाही. बोटांच्या बेचक्यांत खाज सुटते आणि खाजवलं की आग होते. पार्लरमध्ये दिवसभर डोकी धुवायची, रंग लावायचा, कापायचं. संध्याकाळी बोटं अशी आवळून येतात की वाटतं, कुणीतरी एक माप लहान कातडं चढवलंय. काल केस धुताना एका बाईने मान वळवून माझे हात पाहिले आणि म्हणाली, "दुसरी कुणी नाही का?" मालकीणबाईंनी ऐकलं. त्यांनी फक्त दुसऱ्या मुलीला हाक मारली.

हात गेले तर माझ्याकडे दुसरं काय आहे ते तुला ठाऊक आहे. नवरा नाही, शिक्षण नाही. कात्री बरी धरते, एवढंच.

नाजूक कातडीसाठी तू घरी जे क्रीम करतेस ते पाठवशील? दुकानातली तीन आणून झाली. तिन्हींवर ‘सौम्य’ लिहिलं होतं.

घरी मी आणि बोका. तोही हल्ली माझे हात चाटत नाही.

तुझी
साय


११ फेब्रुवारी

साय,

डबी पाठवली आहे. तीन दुकानं फिरून मग बहीण आठवली, हेही तुझं नेहमीचंच.

आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. तेव्हापासून तुला न्हाऊमाखू मी घातलं. लोकरीचा स्वेटर चढवला की तुझ्या गळाभर पुरळ. साबण बदलला की पाठ लाल. तुझ्या कातडीची तुझ्यापेक्षा मला जास्त माहिती. बाबा उगाच तुला साय म्हणत नव्हते. जरा हलवलं की फाटते.

या क्रीममध्ये ओटचं पाणी, बदामाचं तेल आणि मधमाशांचं मेण आहे. रसायन नाही, रंग नाही, सुगंध नाही. डबीवर छापलंय तेच आत आहे.

दिवसातून चारदा जाड थर लावायचा. रात्री लावून वर सुती हातमोजे घालायचे. सुरुवातीला लाली वाढेल. घाबरून सोडू नकोस. इतकी वर्षं आत मुरलेलं रसायन बाहेर पडायला वाट शोधतं. पी हळद आणि हो गोरी, असं नसतं.

दोन गोष्टी. रिकामी डबी फेकू नकोस, धुऊन परत पाठव. काच चांगली आहे. आणि क्रीम लावण्याआधी हाताचा एक फोटो काढून पाठव. महिन्याने दुसरा. फरक दिसला की तुलाच धीर येईल.

रडू नकोस. डोळ्यांखालची कातडीही नाजूकच असते.

ताई


१७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

डबी मिळाली. फोटो सोबत आहे. फोटोवाला म्हणाला, "पासपोर्टला चेहरा लागतो, बाई." त्याला समजावून सांगेपर्यंत मागे रांग लागली. उजव्या हातात पिशवी होती म्हणून डावाच टेबलावर ठेवला. मनगटावरचा लांबट डाग दिसतोय ना, तो केस कुरळे करायच्या चिमट्याने भाजल्याचा. तो जुना आहे, त्याचं काही नाही.

फोटोत हात चांगलाच आलाय. मला हसू आलं. खाज काही फोटोत येत नाही.

आजपासून लावायला घेते. तू सांगितलंस तसंच.

साय


१९ मार्च

प्रिय ताई,

तू म्हणालीस तशी लाली वाढली. मग थांबलीच नाही. आता पाण्याचे फोड येतात, फुटतात आणि चिघळतात. हातमोजा कातडीला चिकटतो, सकाळी तो पाण्यात भिजवून सोडवावा लागतो. तरी एकही वेळ चुकवली नाही. तू मागून पाठवलेली दुसरी डबी संपत आली. पहिली धुऊन परत पाठवली, ती मिळाली का?

डबी उघडली की मंद वास येतो. फुलांसारखा. मला आवडतो. दिवसभर दुकानातल्या औषधांनी नाक बधिर झालेलं असतं, तरी तेवढा कळतो.

मालकीणबाईंनी रंगाचं काम माझ्याकडून काढून घेतलं. मी आता केस झाडते आणि टॉवेलच्या घड्या घालते. माझ्या जुन्या बायका आरशातून बघतात आणि मी बघितलं की मासिक उघडतात.

दुसरा फोटो पाठवते आहे. तोच डावा. फोटोवाल्याने या वेळी काही विचारलं नाही.

आत मुरलेलं एवढं असतं का, ताई?

साय


२६ मार्च

साय,

फोटो उत्तम आला आहे. एकूणएक भेग मोजता येते. फोटोवाल्याला सांग, त्याचा हात चांगला आहे.

वासाचं म्हणशील तर ओट आणि मेण यांना स्वतःचा वास असतो. तो काही मी घातलेला नाही. माणसालाही असतो. त्याला सुगंध म्हणत नाहीत.

आता नीट वाच. क्रीम आपलं काम करतंय, पण एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्या हाताने घालवायचं असं तुझं चाललंय. रंगाचं काम सुटलं हे बरंच झालं. परत मागू नकोस. बोक्याला घालव. त्याचे केस, त्याची लाळ, सगळं तुझ्या हातावर. लग्न झालं नाही म्हणून मांजर पाळायचं, हे मला कधीच पटलं नव्हतं. आणि आईची अंगठी काढ. जुन्या दागिन्यांत काय काय मिसळलेलं असतं. ती इकडे पाठव, मी सांभाळते.

तुझ्या मालकीणबाईंना मी फोन केला होता. त्यांच्या दुकानात आपल्या डब्या ठेवता येतील का, एवढंच विचारायला. बाई समजूतदार वाटल्या. तुझाही विषय निघाला. मी चांगलंच बोलले.

मोठी डबी पाठवते आहे. चारदा नाही, आता सहादा लाव.

ताई


२० एप्रिल

प्रिय ताई,

अंगठी निघत नव्हती, बोट सुजलं होतं. साबण लावून काढली. मिळाली असेलच.

बोक्याला रखवालदाराकडे दिला. संध्याकाळी दारात हजर. परत दिला, परत आला. मग पिशवीत घालून पुलापलीकडे नेला आणि मासळीच्या दुकानामागे सोडला. तिथे त्याचं बरं चालेल असं मी मनाला सांगते. पिशवीतून त्याने एकदाही ओरखडलं नाही.

मालकीणबाईंनी कामावरून कमी केलं. म्हणाल्या, "संसर्गाचं असेल तर स्पष्ट सांग. लपवू नकोस. मला दुकान चालवायचंय." मी म्हटलं, नाही हो, ही ॲलर्जी आहे. त्या म्हणाल्या, "तू म्हणतेस." माझी कात्री माझीच होती, ती कागदात गुंडाळून हातात दिली. माझ्या हाताचं रक्त आपल्या बोटांना लागू नये म्हणून त्यांनी वर दुसरा कागद लावला.

माझी एक जुनी गिऱ्हाईक इस्पितळात नर्स आहे. रस्त्यात भेटली, हात बघितला आणि सरळ त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी एक चाचणी सांगितली आहे. पाठीवर ओळीने बारीक टिकल्या चिकटवतात, प्रत्येकीखाली एक एक पदार्थ. केसांचा रंग, दागिन्यातला धातू, रबर, सुगंध, असे पुष्कळ. दोन दिवसांनी टिकल्या काढून बघतात, आणखी दोन दिवसांनी परत बघतात. ज्याच्याशी कातडीचं वैर, त्याच्या जागी फोड उठतो. तोवर पाठ भिजवायची नाही.

माझ्या रोजच्या वापरातल्या वस्तूही आणायला सांगितल्या आहेत. साबण, दुकानातला शांपू, हातमोजे. तुझी डबी देऊ का?

क्रीम एकदाही चुकवलं नाही.

साय


२३ एप्रिल

साय,

तातडीने पाठवते आहे.

आपल्या घरची वस्तू परक्याच्या टेबलावर मांडायची, हे मला आवडलेलं नाही. पण तुझा जीव त्यात अडकलाय तर दे. मात्र तुझी उघडलेली डबी देऊ नकोस. तिच्यात रोज सहादा तुझी बोटं बुडतात, तिच्यात आता क्रीम कमी आणि तूच जास्त. सोबत नवी बंद डबी पाठवली आहे. हीच दे. जुनी धुऊन लगेच परत पाठव.

पाठीवर टिकल्या लावून कुणी बरं झालेलं मी ऐकलेलं नाही. पण तू कुणाचं ऐकतेस कधी.

ताई


४ मे

प्रिय ताई,

निकाल आला.

केसांचा रंग: काही नाही. पाठ कोरी. धातू: काही नाही, म्हणजे अंगठीचाही संबंध नव्हता. रबरही नाही. बोक्याचं मी विचारलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, "मांजराने हातांचं असं होत नाही. कुणी सांगितलं तुम्हाला?" मी म्हटलं, बहिणीने. त्यांनी चष्मा परत घातला.

सुगंधाच्या टिकल्यांखाली फोड आलेत. चांगले टरारून. सुरुवात दुकानातल्या वासाच्या शांपूने झाली असणार, असं त्या म्हणाल्या. तेव्हाच वासाची प्रत्येक वस्तू बंद केली असती तर थोडक्यात आटोपलं असतं. मी वाढवलं.

आता तुझ्या डब्या. तू पाठवलेली नवी दिली होती. तिला तो फुलांचा वास नव्हता, म्हणून मला वाटलं, ओट बदललेत. पण नर्सने विचारलं, "रोज लावता ती कुठली?" खोटं कशाला सांगू, ती पर्समध्येच होती. तिने दोन्ही लावल्या. नवीच्या जागी काही नाही. रोजच्या डबीच्या जागी सगळ्यात मोठा फोड.

नाव तेच, छाप तीच, दोन्हींवर ‘सुगंध नाही’. फरक कशाचा, ताई?

हात आता भरून येतायत. एक मलम दिलंय, ते थोडेच दिवस लावायचं. बाकी साधी पांढरी पेट्रोलियम जेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डबीचं तोंड वाचू नका, पाठ वाचा. नैसर्गिक म्हणजे सौम्य नव्हे, खाजकुयलीही नैसर्गिकच असते. आणि नवीन काहीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर लावून बघा. मग हाताला."

पुलापलीकडे जाऊन आले. मासळीवाला म्हणाला, अशी पुष्कळ येतात.

अंगठी परत पाठवशील?

साय


१० मे

साय,

हात भरून येतायत हे वाचून किती बरं वाटलं. मी म्हटलं होतं ना, धीर धर.

डब्यांचं म्हणशील तर माझ्याकडे मदतीला येणाऱ्या बाईचा घोटाळा. तिने एका घाण्यात लव्हेंडरचं तेल टाकलं असणार. तिला काढून टाकलं. तिची दोन लहान मुलं आहेत, पण चूक ती चूक. तुझ्यामुळे एकीची भाकरी गेली, तेव्हा हा विषय आता इथेच मिटव. तसंही नुसत्या मेणाला ओल्या लोकरीसारखा वास मारतो. वास आला नाही की गिऱ्हाईक डबी खाली ठेवतं. हे तुझ्या डॉक्टरीणबाईंना कळणार नाही, त्यांना काही विकायचं नसतं.

अंगठी माझ्या बोटात घट्ट बसली आहे. निघत नाही.

आता आनंदाची बातमी. जूनच्या पहिल्या रविवारी इथल्या मोठ्या सभागृहात सौंदर्यप्रसाधनांचं प्रदर्शन आहे. मला जागा मिळाली आहे. मोठ्या दुकानांचे लोक माल बघायला येतात. नवं खोकं सोबत पाठवते, बघ. हात कुणाचा आहे ओळखलंस? तुझा. नायिका झालीस. खोक्यावर ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन फोटो छापलेत. क्रम जरा इकडचा तिकडे केलाय. मार्चचा आधी, फेब्रुवारीचा नंतर. मनाला लावून घेऊ नकोस. हात तुझा, फोटो तुझा, आणि आता हात खरोखरच बरे आहेत, मग खोटं काय राहिलं त्यात?

एका दुकानदाराने विचारलं, ही बाई खरी आहे का? मी म्हटलं, माझी सख्खी बहीण आहे. हातच्या काकणाला आरसा कशाला, तिलाच उभी करते. तेव्हा तू ये. डाव्या हातात पांढरा हातमोजा घालून ये. ‘नंतर’चा फोटो माणसाच्या उंचीचा करून मागे लावणार आहे, त्याच्यापुढे उभी राहा. लोक जमले की मी तुला हाक मारेन, मग मोजा काढायचा आणि हात वर करायचा. आधी काढू नकोस, मजा जाते. बोलायचं मी बघेन, तू गप्प राहा. ते तुला जमतं.

नोकरी नाहीच तुझ्याकडे. नंतर माझ्याकडे डब्यांना चिठ्ठ्या चिकटवायला बस. वाढवलं मीच, पोसेनही.

ताई


प्रदर्शनाचा दिवस, सकाळी

ताई,

हे तुझ्या गावातच लिहिते आहे, बसस्थानकाच्या बाकावर. टपालात टाकणार नाही.

डॉक्टरीणबाईंचा दाखला घेऊन मालकीणबाईंकडे गेले होते. संसर्ग नाही, असं त्यांनी लिहून दिलंय. मालकीणबाईंनी दाखला दोनदा वाचला. म्हणाल्या, "पण तुझी ताईच म्हणाली होती, की हे पसरणारं आहे, घरात पूर्वी एकीला होतं, सायला लांबच ठेवा. सख्खी बहीण खोटं कशाला बोलेल?" बोलता बोलता त्यांनी गल्ल्याशेजारची चवड सरळ केली. तुझी खोकी होती. सगळ्यांवर माझा हात. मार्चमध्ये तू कसलं चांगलं बोललीस ते तेव्हा कळलं. जागा भरली आहे, म्हणाल्या. जाताना एक डबी देऊ करत होत्या, हातांसाठी.

तुझं मत मी नेहमी खरं मानलं. रंगाचं काम परत मागू नकोस म्हणालीस, मागितलं नाही. अंगठी दे म्हणालीस, दिली. बोक्याला घालव म्हणालीस, त्याला पिशवीत घालून नेला आणि तो पिशवीत गप्प बसला, कारण पिशवी माझ्या हातात होती. त्याच्या जागी मीही तशीच गप्प बसले होते. पिशवी तुझ्या हातात होती.

एकच तुझं ऐकलं नाही. शेवटची जुनी डबी धुऊन परत पाठवली नव्हती. इस्पितळातून आणली तशीच कपाटात होती, अर्धी.

तुझं पत्र आलं तेव्हा दोन्ही हात बरे होते. मनगटावरचा चिमट्याचा डाग तेवढा होता. बसून विचार केला. मग गेल्या आठवड्यात डाव्या हाताला तुझं क्रीम लावायला घेतलं. दिवसातून सहादा, जाड थर, रात्री वरून हातमोजा, अगदी तू शिकवलंस तसं. पहिल्या दिवशी खाज. तिसऱ्या दिवशी फोड. परवापासून चिघळलाय. या वेळी मला माहीत होतं काय होणार ते, म्हणून रडू आलं नाही. डॉक्टरीणबाईंना सांगितलं असतं तर त्यांनी हाकलून दिलं असतं. नर्सला सांगितलं. तिने दोन्ही हात उलटून पाहिले. मग म्हणाली, "मलम जवळ ठेव."

उजव्याला काही लावलं नाही.

आता मला आत यायचं आहे. तू सांगितलंस तसा पांढरा हातमोजा घातला आहे. तो आतून चिकटलाय, दातांनी ओढावा लागेल, पण चिकटलेला सोडवायची सवय आहे. मागे माणसाच्या उंचीचा ‘नंतर’ असेल, त्याच्यापुढे उभी राहीन. डाग शेजारी शेजारी दिसतील, म्हणजे हात दुसऱ्या कुणाचा आहे असं तुला म्हणता येणार नाही. तू हाक मारलीस की मोजा काढीन आणि हात वर करीन. बोलणार नाही. ते मला जमतं. मग त्याच हाताने हे पत्र तुला देईन. लोक बघत असतील, तेव्हा घ्यावंच लागेल. तू आईची अंगठी घालून असशील. कागद ओला लागला तर सांभाळून धर.

तू हे वाचशील तोवर त्यांचं बघून झालेलं असेल.

पुलाजवळ एक न्हावी आहे. म्हातारा आहे, त्याला डोळ्यांनी कमी दिसतं. त्याने मला एका गिऱ्हाइकाचे केस कापायला लावले आणि मागे उभं राहून नुसता कात्रीचा आवाज ऐकला. म्हणाला, "ये सोमवारपासून. साबण तुझा तू आण, मला वासाचं काही कळत नाही." डाव्या हाताचं त्याला सांगितलं आहे. तो म्हणाला, कात्री कुठल्या हातात धरतेस?

म्हणून उजवा हात आज मी खिशातच ठेवणार आहे.

साय